मॉडेल रेल्वे इंजिनच्या मोटरमधली खरखर: ब्रशपासून डीसीसीपर्यंत काय काय करायचं

इंजिन रुळावर फिरायला लागलं की रेडिओ खरखरतो, आणि त्याच इंजिनात डीसीसीचा (रुळातूनच इंजिनाला डिजिटल हुकूम पाठवायच्या पद्धतीचा) डिकोडर, म्हणजे ते हुकूम वाचून मोटर चालवणारा छोटा बोर्ड, बसवला की ते हळू चालताना आचके देतं. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात पण दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकाच जागी असतं, मोटरचे ब्रश आणि त्यांच्या आजूबाजूला कारखान्यातून लावून आलेले दोन-तीन चिमुकले पार्ट, म्हणजे खरखर अडवणारे कपॅसिटर आणि चोक. यावर सल्ले मात्र दोन टोकांचे मिळतात. एक म्हणतो कपॅसिटर दिसला की कापून टाक, दुसरा म्हणतो अजिबात हात लावू नकोस, आणि का ते दोघंही सांगत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आपल्याकडे बहुतेकांची इंजिनं परदेशातून कोणीतरी बॅगेत आणलेली किंवा सेकंडहँड घेतलेली असतात, हॉर्नबी, लिमा, ट्रायँग, बाकमन अशी, आणि पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ज्यांना हा नाद लागला असेही बरेच जण आहेत, त्या सगळ्यांना उपयोगी पडेल असं बघतोय. माझं म्हणणं एवढंच की खरखर जिथे तयार होते तिथेच अडवायची, आधी साफसफाईने आणि मग पार्ट लावून, आणि काहीही कापायच्या आधी तो पार्ट कशासाठी लावलाय ते समजून घ्यायचं.

ही खरखर येते कुठून

या इंजिनांत साधी डीसी ब्रश मोटर असते. मधे फिरणारं आर्मेचर, त्यावर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, टोकाला कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या तीन किंवा पाच पाकळ्या, आणि त्यांवर स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन ब्रश. आर्मेचर फिरताना ब्रश एका पाकळीवरून दुसरीवर जातो, त्या क्षणी एका गुंडाळीतला करंट तुटतो, पण गुंडाळी तो सहजासहजी तुटू देत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि बारीक ठिणगी पडते. तीन पाकळ्यांच्या मोटरमध्ये एका फेरीत असं सहा वेळा होतं, पाचच्या मोटरमध्ये दहा वेळा. मोटर मिनिटाला ९००० फेऱ्या मारत असेल तर तीन पाकळ्यांवर सेकंदाला ९०० ठिणग्या झाल्या. रेडिओत जी किणकिण ऐकू येते आणि इंजिनाचा स्पीड वाढवला की चढत जाते ती हीच.

ठिणगीचा गुण असा की ती एका फ्रिक्वेन्सीवर थांबत नाही, मध्यम लहरींपासून एफएम आणि टीव्हीच्या पट्ट्यापर्यंत सगळीकडे पसरते. हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी पहिल्यांदा दाखवल्या त्याही ठिणगी पाडूनच, आणि सुरुवातीचे वायरलेस ट्रान्समीटर तर ठिणगीवरच चालायचे. आता मोटरपासून निघालेली ही गडबड वायरमधून चाकांत आणि चाकांतून रुळांत उतरते, आणि रूळ म्हणजे दोन लांब धातूच्या पट्ट्या, म्हणजे आयता अँटेना. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब असते, तिचा पाव भाग ७५ सेंटीमीटर, एवढा रूळ तर अगदी छोट्या लेआउटवरही असतो. त्यामुळे मोटर बोटभर असली तरी तिचा आवाज सगळ्या घरात पोचतो.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न टीव्हीमुळे पेटला. तिथली जुनी ४०५ ओळींची टीव्ही सेवा ४१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही चालायची आणि ती १९८५ पर्यंत चालू होती, मुलाने गाडी फिरवली की शेजाऱ्याच्या पडद्यावर पांढरे ठिपके नाचणार. म्हणून तिथल्या कंपन्या इंजिनातच कपॅसिटर लावायला लागल्या. पुढे युरोपात ८९/३३६ नंबरचा निर्देश आला, १९९६ पासून तो सक्तीचा झाला, आणि खेळण्यांसकट सगळ्या विजेच्या वस्तूंना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रेडिओ गडबड करायला बंदी झाली. आज तुमच्या इंजिनात जे कपॅसिटर आणि चोक दिसतात ते अशा नियमांचं पालन म्हणून बसवलेले असतात, मोटर चांगली चालावी म्हणून नाही. त्यांच्याशिवायही मोटर फिरते. पण ते काढले की गडबड वाढते, आणि ती तुम्हाला ऐकू येत नसली तरी शेजाऱ्याला येऊ शकते, ही जाणीव ठेवून मगच कटर हातात घ्यायचा.

पहिलं काम: आवाज ओळखणं

यासाठी महागडं काही लागत नाही. बॅटरीवर चालणारा, एएम असलेला छोटा ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरींवर जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशी रिकामी जागा शोधा, आवाज वाढवा आणि रुळापासून हातभर अंतरावर ठेवा. इंजिन चालवायच्या आधी नुसतं ऐका, कारण घरातले स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर एएमवर प्रचंड घाण करतात. जमेल तेवढे बंद करा, उरलेली सळसळ लक्षात ठेवा, तीच तुमची सुरुवातीची पातळी.

मग कंट्रोलर चालू करा पण इंजिन रुळावर ठेवू नका. इथेच घरघर आली तर दोष कंट्रोलरचा किंवा त्याच्या पॉवर सप्लायचा आहे, मोटरला कितीही पार्ट लावले तरी ती जाणार नाही. त्यानंतर इंजिन ठेवून हळूहळू स्पीड वाढवा. स्पीडबरोबर चढणारी एकसारखी किणकिण आली तर ती कम्युटेटरची. मधेच फाट-फाट, खर्र, पुन्हा शांत, असा बेताल आवाज आला तर ती चाकं, रूळ आणि चाकांवरून वीज घेणाऱ्या पिकअपच्या पट्ट्या यांच्यामधली ठिणगी आहे. ही ओळख पटणं फार महत्त्वाचं, कारण चाकापाशी पडणाऱ्या ठिणगीवर मोटरवरच्या कपॅसिटरचा फारसा इलाज नाही, ती मोटरच्या बाहेर पडते. खात्री करायची असेल तर इंजिन उलटं करून फोमवर ठेवा आणि दोन वायरींनी थेट मोटरच्या टोकांना १२ व्होल्ट द्या. आता रूळही नाहीत आणि चाकांतून वीजही नाही, जे ऐकू येतं ते फक्त मोटरचं.

एएमवर शांत झालं म्हणजे एफएमवरही झालं असं नसतं, त्यामुळे ८८ ते १०८ मध्ये एखाद्या कमजोर स्टेशनवर लावूनही ऐका.

साफसफाई, आणि ती टाळू नका

खूप जण इथून उडी मारून थेट सोल्डरिंगवर जातात. माझा अनुभव सांगतो की जुन्या इंजिनांची बरीचशी खरखर नुसत्या साफसफाईने निम्म्यावर येते, कारण ठिणगी मोठी होण्याची कारणं बहुतेक मेकॅनिकल असतात.

आधी रूळ आणि चाकं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने रूळ पुसा, चाकांवरचा काळा थर इअरबडने काढा, चाकाच्या मागच्या बाजूला घासणाऱ्या पिकअपच्या पट्ट्या नीट टेकतायत ना ते बघा. पट्टी अर्धवट टेकत असेल तर प्रत्येक फेरीला ती सुटते आणि ठिणगी पाडते.

मग मोटर. जी मोटर उघडता येते, म्हणजे लिमाची चपटी मोटर, हॉर्नबीची रिंगफील्ड, ट्रायँगची एक्स ०४ वगैरे, तिचे ब्रश आधी बाहेर काढा. स्प्रिंग उडून हरवतात म्हणून हे काम पांढऱ्या ताटात करायचं. ब्रश टोकाशी कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे थोडा वाकडा झिजलेला असणं चांगलं, पण टोक तुटलेलं, चमकदार काचेसारखं झालेलं किंवा ब्रश एवढा आखूड की स्प्रिंग पुरेशी दाबत नाही, असं असेल तर नवीन टाका.

आता कम्युटेटर भिंगातून बघा, आणि हे खरंच भिंगातूनच बघा. एका जुन्या डिझेल इंजिनाचा कम्युटेटर मी उघडला तेव्हा तो तांब्याचा आहे हेच कळत नव्हतं, तेल आणि कार्बनची पूड मिळून त्यावर डांबरासारखा काळा थर बसला होता आणि तिन्ही पाकळ्यांमधल्या फटी त्याच लगद्याने बुजल्या होत्या. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणजे फट बुजली की दोन पाकळ्या एकमेकींना अर्धवट शॉर्ट होतात, करंट वाढतो, मोटर तापते आणि ठिणगी निळ्यावरून पिवळी होते. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून प्रत्येक फटीतून हलक्या हाताने ओढलं तर तो लगदा दोऱ्यासारखा निघून येतो. नंतर अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड कम्युटेटरवर टेकवून आर्मेचर बोटाने फिरवा, बड काळा व्हायचा थांबेपर्यंत. खाली तांब्याचा गुलाबी-तपकिरी रंग दिसायला हवा. सुई किंवा स्टीलचं काही वापरू नका, तांब्यावर ओरखडा पडला की तो ब्रश खात राहतो. फायबरग्लासची पेन्सिलही मोटरच्या आत नको, तिचे तुटलेले तंतू ब्रशखाली अडकतात.

तेल फक्त बेअरिंगला, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. कम्युटेटरवर गेलेलं तेल म्हणजे वरचा लगदा परत बनायला सुरुवात.

आणखी एक, जुन्या उघड्या मोटरचा चुंबक विनाकारण सुटा करू नका. एक्स ०४ सारख्या मोटरमधले जुने धातूचे चुंबक चौकटीतून बाहेर काढले की जोर गमावतात, मग मोटर जास्त करंट खाते आणि ठिणगी आणखी वाढते.

नवीन ब्रश टाकले असतील तर इंजिन डब्यांशिवाय निम्म्या स्पीडवर अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा, म्हणजे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर बसतो. हे झाल्यावर परत रेडिओ लावून ऐका. कधी कधी पुढचं काही करायची गरजच उरत नाही.

बंद डब्यासारख्या मोटरमध्ये हे काही करता येत नाही. तिथे थेट पार्टवर जायचं, पण अशा मोटरच्या आत कम्युटेटरलाच एक गोल चकतीचा व्हेरिस्टर बसवलेला असू शकतो जो व्होल्टेजची उसळी आधीच कापतो, त्यामुळे त्या मुळात कमी त्रास देतात.

आता पार्ट: कुठला कशासाठी

दोनच जातीचे पार्ट आहेत. कपॅसिटर हा वेगाने बदलणाऱ्या विजेला जवळचा रस्ता देतो, म्हणजे ठिणगीची गडबड ब्रशपाशीच गोल फिरून संपते, बाहेर जात नाही. चोक उलटं काम करतो, डीसीला सरळ जाऊ देतो आणि वेगवान गडबडीला अडवतो. १० मायक्रोहेन्रीचा चोक २० किलोहर्ट्झला जेमतेम सव्वा ओहम अडथळा करतो, पण १०० मेगाहर्ट्झला हिशोबाने हजारोंमध्ये जातो. प्रत्यक्षात चोकच्या स्वतःच्या मर्यादांमुळे तो त्यापेक्षा कमी भरतो, तरी अडवायला पुरेसा असतो.

सिरॅमिक कपॅसिटरवर तीन आकडी कोड असतो. १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १०, १०२ म्हणजे १, २२२ म्हणजे २.२. पहिले दोन आकडे आणि त्यापुढे तिसऱ्या आकड्याएवढी शून्यं, उत्तर पिकोफॅरडमध्ये. व्होल्टेज ५० च्या वरचं घ्या, १०० मिळालं तर उत्तम, कारण मोटर १२ व्होल्टची असली तरी ठिणगीच्या वेळची उसळी खूप वर जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मोटरवर कधीच लावायचा नाही, इंजिन उलटं धावताना पोलॅरिटी उलटते आणि तो फुगून फुटतो.

चोक रेझिस्टरसारखाच दिसतो, बऱ्याचदा अंगाने हिरवट आणि जरा जाडसर. तपकिरी-काळा-काळा म्हणजे १० मायक्रोहेन्री, नारिंगी-नारिंगी-सोनेरी म्हणजे ३.३, लाल-लाल-काळा म्हणजे २२. घेताना करंट विचारा, एचओ किंवा ओओच्या (या मॉडेलच्या नेहमीच्या मापांच्या) इंजिनाला निदान अर्धा अँपिअर पेलणारा हवा, जुन्या तहानलेल्या मोटरला एक अँपिअरचा. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं आणि किमती किरकोळ असतात, त्यामुळे दोन-चार व्हॅल्यू जास्तीच्या घेऊन ठेवा.

आता जो मुद्दा बहुतेक सगळीकडे सुटतो तो. कपॅसिटरची व्हॅल्यू जितकी मोठी तितकं चांगलं असं नाहीये. कपॅसिटरचे पाय म्हणजे वायरच, आणि वायरला स्वतःचं इंडक्टन्स असतं, ढोबळमानाने मिलिमीटरला एक नॅनोहेन्री. दोन्ही पाय एकेक सेंटीमीटर ठेवले तर २० नॅनोहेन्री झालं. अशा पायांचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर साधारण साडेतीन मेगाहर्ट्झपर्यंतच कपॅसिटरसारखा वागतो, त्याच्या वर तो हळूहळू चोक होत जातो. तेवढ्याच पायांचा १ नॅनोफॅरडचा मात्र ३५ मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत जातो, पाय अडीच-अडीच मिलिमीटरवर आणले तर ७० पर्यंत. म्हणजे मध्यम लहरींवरची खरखर असेल तर १०० नॅनोफॅरड, एफएम किंवा टीव्हीची असेल तर १ किंवा २.२, दोन्ही असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी लावायचे. आणि पाय शक्य तितके आखूड. बोटभर वायरने टेंडरमध्ये (इंजिनाला जोडलेल्या कोळशाच्या डब्यात) नेऊन लावलेला कपॅसिटर जवळपास न लावल्यासारखाच.

साध्या डीसी लेआउटवर लावायची पद्धत

आधी जुना कपॅसिटर तपासा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्याचं एक टोक मोकळं करा आणि बघा, बीप वाजला तर तो शॉर्ट झालाय. पन्नास वर्षं जुन्या इंजिनात असं होतं, इंजिन रुळावर ठेवलं की कंट्रोलर ट्रिप होतो आणि माणूस बिचारा मोटर जळाली समजून नवीन शोधत बसतो. मीटरमध्ये कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर व्हॅल्यूही बघा.

सोल्डर करायच्या आधी ब्रश आणि स्प्रिंग काढून ठेवा. उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते आणि मग ती ब्रशला पुरेसं दाबत नाही, म्हणजे खरखर घालवायला गेलात आणि वाढवून बसलात. ब्रशचं घर प्लास्टिकमध्ये बसवलेलं असेल तर २५ वॉटची आयर्न, टोक स्वच्छ, आधी दोन्ही बाजूंना थोडं सोल्डर चढवून घ्यायचं आणि मग दोन-तीन सेकंदात काम आटपायचं. नाही जमलं तर थंड होऊ द्या आणि परत करा, धरून ठेवू नका. सोल्डरचा थेंब आर्मेचरवर पडू नये म्हणून कागदाची पट्टी आत सरकवून ठेवा.

क्रम असा: कपॅसिटर दोन्ही ब्रशच्या टोकांमध्ये थेट, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला प्रत्येक वायरीत एकेक चोक. दोन्ही वायरींत, एकीत नाही, कारण गडबड दोन्हीकडून बाहेर पडते. चोकही मोटरच्या जवळ, पण त्याचं अंग धातूच्या चासीला टेकू देऊ नका, हीटश्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. जुन्या लिमा किंवा ट्रायँगमध्ये एक ब्रश थेट चासीला जोडलेला असतो, तिथे त्या बाजूला चोक घालायला जागाच नसते, मग दुसऱ्या बाजूला एक घालायचा आणि तेवढ्यावर भागवायचं.

मोटरचं कवच धातूचं असेल आणि एफएमवर अजूनही ऐकू येत असेल तर आणखी दोन कपॅसिटर, प्रत्येक ब्रशपासून कवचाला एकेक. कवच खरवडून आधी थोडा फ्लक्स लावा, इथे ५०-६० वॉटची आयर्न आणि अगदी थोडा वेळ, कारण लहान आयर्न जास्त वेळ धरून ठेवली तर सगळी मोटर तापते आणि आतलं प्लास्टिक वितळतं.

शेवटी कंट्रोलरपासून रुळापर्यंतच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून न्या, वेगवेगळ्या वाटांनी फाकवून नेल्या तर तोही एक मोठा अँटेना होतो. कंट्रोलरपाशी फेराइटच्या कड्यातून या जोडीचे तीन-चार वेढे घेतले तर फायदा होतो.

एक इशारा, जुन्या ब्रिटिश लेआउटवर रेल्को नावाचं यंत्र दिसतं, रुळावरची घाण भेदायला ते रुळांत मुद्दाम हाय फ्रिक्वेन्सी सोडतं. मोठा कपॅसिटर ती हाय फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो त्यामुळे यंत्र निकामी वाटतं, आणि रेडिओ तर ते स्वतःच खराब करतं. कोअरलेस मोटर (आर्मेचरात लोखंडी गाभा नसलेली) असेल तर असं यंत्र लावूच नका, आणि डीसीसीवर तर मुळीच नाही.

डीसीसी आल्यावर गणित का बदलतं

डीसीसीत रुळावर सतत पूर्ण व्होल्टेज असतं आणि ते सारखं उलटसुलट होत राहतं, 'एक' पाठवताना दर ५८ मायक्रोसेकंदांनी आणि 'शून्य' पाठवताना १०० किंवा जास्तने. त्याच लहरीतून हुकूमही जातो आणि वीजही. म्हणून दोन रुळांच्या मधे नुसता कपॅसिटर असेल तर तो या लहरीचे कोपरे खातो आणि डिकोडरला हुकूम नीट वाचता येत नाही. हा कपॅसिटर काढायचाच, यात दुमत नाही. आणि तो फक्त इंजिनात नसतो, हॉर्नबीच्या आर ८२०६ या वीज देणाऱ्या रुळात आणि आर ६०२ क्लिपमध्येही असतो, डिजिटलसाठी त्यांचे वेगळे नंबर आहेत, आर ८२४१ आणि आर ८२४२. लेआउट डीसीवरून डीसीसीवर नेताना हा रूळ तसाच राहतो आणि मग सगळी इंजिनं अधूनमधून वेड्यासारखी वागतात. बसच्या, म्हणजे लेआउटला वीज पोचवणाऱ्या मुख्य वायरींच्या, टोकाला रेझिस्टरसकट कपॅसिटर लावतात ती गोष्ट वेगळी, तो लहरीचे झटके शोषायला असतो, त्याला हात लावू नका.

मोटरवरच्या कपॅसिटरचं मात्र एवढं सरळ नाही. डिकोडर मोटरला सलग व्होल्टेज देत नाही, सेकंदाला साधारण १६ ते ४० हजार वेळा चालू-बंद करतो, आणि दर वेळी त्याला तो कपॅसिटर भरावा लागतो. हिशोब करा: १०० नॅनोफॅरड, १५ व्होल्ट, २० किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण ०.४५ वॉट नुसते उष्णतेत जातात, आणि ती उष्णता बऱ्याच अंशी डिकोडरच्या बोटाच्या नखाएवढ्या बोर्डवर. १० नॅनोफॅरडला हाच आकडा ०.०४५ होतो आणि १ नॅनोफॅरडला जवळपास काहीच नाही. दुसरी गोष्ट, डिकोडर मधेच क्षणभर वीज बंद करून मोटर स्वतः किती व्होल्टेज तयार करतेय ते मोजतो आणि त्यावरून स्पीड सांभाळतो. मोटरची गुंडाळी एक मिलिहेन्री धरली तर १०० नॅनोफॅरडबरोबर ती १६ किलोहर्ट्झच्या आसपास झुलते, म्हणजे नेमकी डिकोडरच्या फ्रिक्वेन्सीजवळ, मग मोजमाप चुकतं आणि हळू चालताना आचके बसतात. सुरुवातीला म्हटलं ते आचके हेच.

तर करायचं काय. डिकोडरच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला. आठ पिनच्या सॉकेटवर १ नंबर नारिंगी, ५ करडी, ४ काळी, ८ लाल. इंजिन उघडून प्रत्येक कपॅसिटर कुठून कुठे जातो ते मीटरने शोधा आणि कागदावर काढा. लाल-काळीच्या मधला काढा. नारिंगी-करडीच्या मधला १०४ असेल तर आधी इंजिन तसंच चालवून बघा, छान चाललं आणि डिकोडर हाताला गरम लागत नसेल तर राहू द्या. आचके देत असेल तर त्याजागी १ ते २.२ नॅनोफॅरडचा लावा, नुसता कापून मोकळे होऊ नका. चोक असतील तर ठेवा. ते डिकोडर आणि कपॅसिटरच्या मधे असतील तर कपॅसिटर भरतानाचा करंटचा झटकाही मऊ करतात, म्हणजे दुहेरी उपयोग. काही इंजिनांत कपॅसिटर डिकोडर नसताना सॉकेटमध्ये खोचलेल्या डमी प्लगवरच असतो, प्लग काढून डिकोडर लावला की तो आपोआप बाहेर जातो.

मोटरच्या कवचाला गेलेले कपॅसिटर असतील तर कवच आणि दोन्ही रुळांमध्ये मीटरने बघा. कवच चासीतून एखाद्या रुळाला जोडलेलं निघालं तर ते कपॅसिटर काढा. आणि मोटरचं कुठलंही टोक चासीला किंवा चाकाला जोडलेलं असेल, जे जुन्या इंजिनांत असतंच, तर डिकोडर लावण्याआधी ते पूर्ण तोडून वेगळं करणं भाग आहे, नाहीतर पहिल्याच वेळी डिकोडर जळेल. ब्रशचं टोक आणि प्रत्येक चाक यांच्यात बीप यायला नको, ही तपासणी झाल्याशिवाय इंजिन रुळावर ठेवायचं नाही.

नंतर डिकोडर आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरची सेटिंग्ज बघायला-बदलायला वेगळ्या ठेवलेल्या रुळावर) वाचा, तिथे करंट मर्यादित असतो त्यामुळे काही शॉर्ट असलं तरी नुकसान टळतं. डिकोडरचा पत्ता (त्याचा ओळख नंबर) नीट वाचला गेला की मुख्य रुळावर आणा, सगळ्यात कमी स्पीडवर दोन्ही दिशांनी चालवा, पाच-दहा मिनिटांनी डिकोडरला बोट लावून बघा आणि रेडिओ परत ऐका. अजून बारीक आचके असतील तर मग डिकोडरच्या मोटर कंट्रोलच्या सीव्हींकडे, म्हणजे डिकोडरमधल्या बदलता येणाऱ्या सेटिंग्जकडे, वळा. कुठला सीव्ही ते कंपनीप्रमाणे बदलतं, त्याच्या माहितीपत्रकात बघून एका वेळी एकच बदला. इंजिनावर वरचं कवच चढवण्याआधी, काय काढलं, काय लावलं आणि कुठल्या व्हॅल्यूचं, ते कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर लिहून इंजिनाच्या खोक्यात टाकून ठेवा, पुढे कोणी ते इंजिन परत डीसीवर चालवायला घेतलं तर त्याला तिथूनच सुरुवात करता येईल.